पेटीला कारकून म्हटल्याचं प्रकरण

कोण काय म्हणतं याची मला पर्वा नाही. माझ्या घरात बाहेरचा माणूस शिरला नाही. आवाज शिरला. माणूस आणि आवाज यांत फरक असतो, आणि चौतीस वर्षं सरकारी दफ्तरात काढलेल्याला तो कळतो. आमच्या कॉलनीत असा फरक कळणारी माणसं दोनच. एक मी, दुसरी माझी बायको चारुशीला. पैकी चारुशीला माझ्याविरुद्ध साक्ष देते.

सुरुवात झाली झेंडूपासून. आदिलाबादेत बतुकम्मा या फुलांच्या सणाचे नऊ दिवस आणि त्यामागून दसरा आला की फूल आणि इमान, दोन्ही जागेवर टिकत नाहीत. तेलुगू बाया फुलांचे थरावर थर रचतात, मराठी बाया तोरणं ओवतात, आणि ज्याच्या अंगणात झेंडू त्याच्याकडे सगळे आठवडाभर आधीपासून गोड हसून बघतात. माझ्याकडे बावीस रोपं होती. मी रोज संध्याकाळी फुलं मोजून झोपायचो आणि रोज सकाळी पंधरावीस कमी भरायची. मी रीतसर पंचनामा केला. देठ नखाने नव्हे, कशाने तरी ओढून तोडलेले. पायाचे ठसे नाहीत. संशयितांत मी कॉलनीतली एक गायही धरली होती, पण गाय देठ मागे ठेवत नाही, म्हणून तिला निर्दोष सोडलं.

"देवालेच वाह्यली असतील ना कोनं, जाऊ द्या," चारुशीला म्हणाली.

"देवाला चोरीचं फूल चालतं, हे कोणत्या सरकारी आदेशात आहे?"

"देवाच्या घरी सरकार नाही," ती म्हणाली आणि भाजी निवडायला बसली. मी कॅमेरा बसवायचा निश्चय केला.

आमची मुलगी स्वरा हैदराबादेत कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे. तिला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, चांगल्या कंपनीचा घ्या. आणि लावल्याबरोबर त्याचा पासवर्ड बदला." मी पहिलं वाक्य अर्धं ऐकलं आणि दुसऱ्या वाक्याला कुकरची शिट्टी झाली. बाजारात गेलो. दुकानदाराने नारळाएवढा पांढरा गोळा पुढे ठेवला. कंपनीचं नाव विचारलं तर म्हणाला, "अंकल, इसका नाम नहीं है, काम है." गोळ्याला एक डोळा. तो मान वळवतो, ऐकतो, बोलतो, अंधारात पाहतो. इतके गुण तर मी जावई शोधतानाही मागितले नव्हते.

बसवायला चंपतराव आले. कॉलनीभर इंटरनेटच्या तारा ओढणारा हा पन्नाशीचा माणूस. स्कूटरला शिडी बांधून फिरतो आणि शिडीवर चढला की तत्त्वज्ञान बोलतो. मी खालून विचारलं, "चंपतराव, बाहेरचा कोणी या कॅमेऱ्यात शिरला तर?"

शिडीवरूनच त्यांनी खिडकीतून बैठकीतल्या त्या पेटीकडे बोट केलं. लुकलुकणारे दिवे असलेली इंटरनेटची पेटी आता घरोघर आहे, पण मी तिच्याकडे कधी माणूस म्हणून पाहिलं नव्हतं.

"काका, त्या पेटीमांगं तुमचं सारं घर लपलेलं हाय. बाहेरून पाह्यलं त घराचा एकच नंबर दिसते. आतमंदी तुमचा फोन, टीवी, हा कॅमेरा, सायांचे नंबर अलग. पन ते घरातल्या घरात, बाहेरच्याले पत्ताच नाही. तुमी आतून काही मांगितलं का पेटी लिहून ठेवते, कोनं मांगितलं. जवाब आला का त्याच्याच हातात देते. न मांगता कोनी आलं त पेटी त्याले दारातूनच वापस करते."

मी खाली पायरीवर बसलो. "चंपतराव," मी म्हणालो, "ही पेटी नाही. हा मी आहे."

आता हे सांगायला हवं की मी नोकरीभर आवक-जावक सांभाळलं. दफ्तराचं नाव सांगत नाही, पेन्शन अजून तिकडूनच येते. बाहेरच्या जगाला दफ्तराचा पत्ता एकच. आत सतरा टेबलं. कोणतं पत्र कोणत्या टेबलावरून निघालं ते फक्त माझ्या रजिस्टरला ठाऊक. पत्र गेलं की जावक नंबर. उत्तर आलं, त्यावर तो नंबर असला, की मी रजिस्टर उघडायचो, टेबल पाहायचो आणि पाकीट पोचवायचो. नंबर नाही, मागणी नाही, तर पाकीट परत. एकदा नार्नूरकडून एक अर्ज आला. त्यावर अंगठ्याच्या जागी अस्वलाच्या पंजाचा ठसा होता. ठसा खरा होता, मी नाकाने तपासला. तरी परत पाठवला, कारण संदर्भ क्रमांक नव्हता. अस्वलाने पुन्हा अर्ज केला नाही. असा माझा दरारा.

तर अशी माझीच सख्खी बहीण माझ्या बैठकीत लुकलुकत बसली होती आणि मी तिच्यावर वर्तमानपत्रं ठेवत होतो! त्याच दिवशी तिला स्वतंत्र स्टूल दिलं. खंडेनवमीला शस्त्रांबरोबर तिचीही पूजा करायचं ठरवलं. चारुशीलाने विचारलं, "हळद-कुंकू दिव्यावर लावायचं का वायरवर?" मी स्टूल पुसायला घेतलं. थोर माणसांच्या घरात थट्टा होतेच.

पुढच्या रविवारी पाण्याच्या टाकीखाली कॉलनीची बैठक होती. विषय, गेटवर आणि गल्ल्यांत मिळून सहा कॅमेरे लावायचे. मी पेटीचं माहात्म्य चाळीस मिनिटं सांगितलं. लोक भारावले होते. निदान उठून कोणी गेलं नाही, चहा यायचा होता. तेवढ्यात देवानंद उठले.

देवानंद माझ्या डावीकडचे शेजारी. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त. आयुष्यभर गावाचे फोन ऐकले, म्हणे लाइन तपासण्यापुरते. काहीही करायच्या आधी चष्मा काढून पुसतात. त्यांनी तो पुसला.

"चिद्दरवार, थांबा जरासक. हे पेटी पहारेकरी नोहे. कारकून हाय. पत्ते बदलाचं काम करते ते. बाहेरून एकच नंबर दिसते म्हनून चोर येत नाही, असं नाही. चोर वळखाचं काम तिले कोनं सांगितलंच नाही."

टाकीखाली हशा पिकला. मी कारकून होतो. मी स्वतःला हजार वेळा कारकून म्हणवून घेतलं आहे. पण दुसऱ्याने म्हणायची एक पद्धत असते, आणि ती चष्मा पुसत म्हणायची नसते.

"देवानंदराव," मी म्हणालो, "चौतीस वर्षांत माझ्या टेबलावरून आगंतुक पाकीट आत गेलं नाही."

"पाकिटाचं सांगून राह्यलो नाही मी. आतल्या कागदाचं सांगून राह्यलो."

हे मला लागलं. का लागलं ते पुढे सांगतो. लागल्याबरोबर मी पैज मारली.

आमच्या कॉलनीत दसऱ्याला जम्मीची, म्हणजे शमीची, पूजा झाली की सगळे पानं घेऊन आधी माझ्या दारी येतात. मी खुर्चीत बसतो, लोक सोनं देतात, वाकतात. कारण मी कॉलनीत सर्वांत मोठा. देवानंदांहून पाच महिन्यांनी. माझ्या शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख खोटी आहे, हे सिद्ध करायला ते अकरा वर्षं झटताहेत.

"ऐका सगळे," मी म्हणालो. "बाहेरचं कोणी माझ्या पेटीतून आत आलं, तर या दसऱ्याला पहिलं सोनं मी देवानंदरावांच्या दारी नेऊन देईन. वाकून!"

टाकीतलं पाणीसुद्धा टपकायचं थांबलं. दसऱ्याला अठरा दिवस होते. बैठकीने ठरवलं की कॉलनीचे सहाही कॅमेरे 'चिद्दरवार पद्धतीने' लावायचे, म्हणजे पेटीमागे लावायचे आणि निश्चिंत झोपायचं. अंतिम ठराव दसऱ्याला.

तिसऱ्या दिवशी चारुशीला भाकऱ्या थापत होती. स्वयंपाकघराची खिडकी अंगणाकडे आहे.

"अवो, तुमचा कॅमेरा माह्या मांगं मांगं मान फिरवून राह्यला."

"वारा असेल."

"वारा डावीकडून उजवीकडे जाईल, मंग उजवीकडून डावीकडे येईल, अन् मी मीठ घ्याले उठली त वर पाहील का?"

"आदिलाबादचा वारा," मी म्हणालो. तिने खिडकीला साडीचा पडदा लावला. त्यात माझा अपमान होता, पण पडदा माझ्याच हातून लावून घेतल्यामुळे मला बोलता आलं नाही.

पाचव्या दिवशी दुपारी मी अंगणात एकटा होतो. मला साखरेचा आजार आहे. म्हणून बालूशाहीचा डबा मी घरात ठेवत नाही, तुळशीमागच्या रिकाम्या कुंडीत ठेवतो. एक संपवून दुसरी उचलली, तोच आवाज आला.

"अंकलजी, दूसरा है."

मी वर आभाळाकडे पाहिलं. माझ्या वयात आधी तिकडेच पाहतात.

"इतना ऊपर नहीं. कैमरे में."

बालूशाही हातातच राहिली. "कोण आहे? कौन है रे?"

"बस, मैं हूँ. ड्यूटी पर बैठे-बैठे देखता हूँ. बहुत दूर से. आपका आँगन अच्छा है."

मला जो संताप आला त्याचं वर्णन मी करत नाही, कारण हिंदीत तो मला नीट आलाच नाही. मी म्हणालो, "तुम बिना पूछे अंदर कैसे आया? हमारे यहाँ पेटी है!"

"पेटी ने ही तो भेजा," तो नम्रपणे म्हणाला. "और अंकलजी, गेंदे को शाम में पानी मत दो, जड़ गल रही है. सुबह दो."

बाहेरचा माणूस न विचारता घरात येतो आणि शेतीचा सल्ला देतो! पण मुळं खरंच सडत होती. मी कॅमेऱ्यावर तांब्या उपडा घालायला निघालो, तेवढ्यात तो म्हणाला, "फूल कौन ले जाता है, मालूम है?"

तांब्या हातात थांबला.

"सुबह पाँच बजे. बाईं दीवार से. सफ़ेद बनियान, हाथ में लंबी लकड़ी, आगे हुक. पहले चश्मा पोंछता है, फिर तोड़ता है. एक दिन मैंने बोला, भाईसाब, मत तोड़ो. तो नमस्ते करके उतर गया."

डावी भिंत. चष्मा. मी खाली बसलो आणि दुसरी बालूशाही खाऊन टाकली. तिसरीही खाल्ली, पण त्याने मोठ्या मनाने मोजली नाही.

आता माझी कोंडी पाहा. चोर सापडला होता. कॅमेऱ्याने नव्हे, कॅमेऱ्यात शिरलेल्या परक्याने पकडून दिला होता. चोराचं नाव सांगायचं तर कसं कळलं ते सांगावं लागणार, आणि ते सांगितलं की पैज हरलो. दुसरीकडे देवानंदांनाही तो आवाज ऐकून ठाऊक झालं होतं की माझी पेटी फुटली. पण ते सांगायचं तर पहाटे पाचला हुकाची काठी घेऊन माझ्या भिंतीवर आपण काय करत होतो, हे सांगावं लागणार. दोघांच्या हाती एकमेकांची मान आणि दोघंही रोज सकाळी भिंतीपाशी हसून उभे.

"काय चिद्दरवार, पेटी बरी हाय?"

"उत्तम. तुमची पूजाअर्चा?"

"उत्तम."

"फुलं मिळतात ना?"

"इकत आनतो," ते म्हणाले आणि चष्मा काढायला हात नेला, पण पुसला नाही. तेव्हा माझी खात्रीच पटली.

मी ठरवलं, आवाजाला गुपचूप हाकलायचं आणि पैज वाचवायची. कंपनीला फोन लावला. सतरा मिनिटं सनई ऐकल्यावर एक मुलगी म्हणाली, "सर, आपका नेट चल रहा है?" मी म्हणालो, चालतं आहे, तीच तक्रार आहे. तिने "धन्यवाद, तक्रार बंद केली" म्हणून फोन ठेवला. शेवटी तीन पानी अर्ज लिहिला आणि अशा तक्रारी घेणाऱ्या एका कार्यालयात गेलो.

आवकच्या खिडकीत एक तरतरीत बाई होती. समोर पाटी होती, भाग्यलक्ष्मी. आवकची खिडकी पाहून मला माहेरी आल्यासारखं झालं.

"एम कावाली, अंकल?" तिने काय हवं ते तेलुगूत विचारलं, आणि माझा चेहरा पाहून मराठीवर आली. "काय गेलं?"

"गेलं काही नाही. आलं आहे."

"काय आलं?"

"आवाज."

तिने पेन खाली ठेवलं. मी सगळं सांगितलं. तिने कॅमेऱ्याचं बिल मागितलं, ते नव्हतं. कंपनीचं नाव मागितलं, तेही नव्हतं. घुसखोराचा पत्ता मागितला. मी म्हणालो, दूर. तिने अर्जावर 'दूर' लिहिलं, नंबर टाकला, शिक्का मारला आणि अर्ज मागच्या ट्रेमध्ये ठेवला. हात कसा सफाईने चालत होता! मी भारावून म्हणालो, "बाई, मीही आवक-जावकचाच. या कार्यालयाच्या खऱ्या पहारेकरी तुम्ही."

ती इतकी हसली की शेजारच्या खिडकीतल्याने वाकून पाहिलं.

"पहारेकरी? मी? अंकल, मी फक्त नंबर पाहते. नंबर बरोबर असला की पाकीट आत. आत सापाचं पिल्लू असलं तरी मी त्याला नंबर देऊन साहेबांच्या टेबलावर ठेवीन. आणि आतल्याच एखाद्या टेबलाने चिठ्ठी दिली, की अमक्या नावाने येईल ते सरळ माझ्याकडे पाठव, तर मी विचारत पण नाही का म्हणून. पहारा वेगळा. तो गेटवर. आणि तो पण आत्ता जेवायला गेला आहे."

मी बसने घरी आलो. वाटेत उतरायचा थांबा चुकला.

कारण हे मला ठाऊक होतं. देवानंदांचं बोलणं लागलं ते यामुळेच. कितीतरी वर्षांपूर्वी आमच्या दफ्तरात मारोती नावाचा शिपाई होता. सज्जन, म्हणून एकदोघांना नकोसा. एक दिवस पाकीट आलं. आमचाच जावक नंबर, बरोब्बर. मी रजिस्टर पाहिलं, खूण केली, टेबलावर पोचवलं. आत मारोतीच्या बदलीचा बनावट हुकूम होता. आतल्याच कोणीतरी आधी एक रिकामं पत्र बाहेर पाठवून नंबर मिळवला होता. खोटेपणा उघड व्हायला दोन वर्षं लागली. मारोतीने ती घरापासून लांब, पत्र्याच्या खोलीत काढली. चौकशी झाली तेव्हा माझं रजिस्टर तपासलं. एकही खाडाखोड नव्हती. साहेबांनी माझी पाठ थोपटली. मारोती परत आला तेव्हा त्याने मला नमस्कार केला आणि मी म्हणालो, "नंबर बरोबर होता, मारोती." तो म्हणाला, "हो साहेब." एवढंच.

रात्रीच्या जेवणाआधी स्वराला फोन लावला आणि पहिल्यांदाच तिचं वाक्य शेवटपर्यंत ऐकलं. ती रागावली नाही, हेच जास्त लागलं.

"बाबा, तुमच्या कॅमेऱ्यानेच आतून पेटीला सांगून ठेवलंय, की माझ्या नावाने बाहेरून कोणी आलं तर सरळ माझ्याकडे सोड. पेटी घरातल्यांवर विश्वास ठेवते. आणि कॅमेऱ्याचा पासवर्ड अजून दुकानातलाच आहे, एक ते सहा. पेटीमागे लपणं म्हणजे कुलूप नव्हे हो. आणि आता नव्या पद्धतीत तर घरातल्या प्रत्येक यंत्राला बाहेरचा स्वतंत्र नंबरही मिळतो. तेव्हा तो आडोसाही उरत नाही. दार वेगळं राखावं लागतं."

तिने सांगितलं तसं मी पेटीतली ती सवलत बंद केली. मग कॅमेऱ्याचा पासवर्ड बदलायला घेतला. तेवढ्यात अंगणातून आवाज आला. "बदल रहे हो, अंकलजी?"

"हो."

"अच्छा है. छह कैमरे और लगने वाले हैं न आपके यहाँ? मीटिंग की बात आप फ़ोन पर कर रहे थे. वो भी ऐसे ही लगेंगे?"

माझं बोट तिथेच थांबलं. हा निदान मुळांची काळजी करणारा होता. पण सहा कॅमेरे म्हणजे सगळ्या कॉलनीची अंगणं, खिडक्या, शाळेतून येणाऱ्या पोरी, एकट्या राहणाऱ्या वच्छलाबाई. तिकडे कोण येऊन बसेल? मी नवा पासवर्ड भरला. बटण दाबलं. गोळ्याची मान खाली गेली आणि पुन्हा कोणी बोललं नाही. नवा पासवर्ड काय आहे? सांगणार नाही. इतका शहाणा मी झालो आहे.

आता पैज वाचली होती. आवाज गेला. चारुशीलाला पडद्यापलीकडचं काही ठाऊक नव्हतं. देवानंदांचं तोंड बंद होतं. खुर्ची माझीच होती. फक्त एक होतं, सहा कॅमेऱ्यांचा ठराव माझ्या नावाने होणार होता. आणि मी पुन्हा म्हणणार होतो, नंबर बरोबर आहे.

नाही म्हणजे नाही!

दसऱ्याला जम्मीची पूजा झाली. लोक पानं घेऊन आले. चारुशीलाने दारात खुर्ची मांडली. मी बसलो नाही. पानं घेतली आणि डावीकडे चालू लागलो. मागे चाळीस माणसं. "घर चुकले वाटते काका," कोणी म्हणालं. "वय झालं," दुसरं म्हणालं. मी मान ताठ ठेवली. हरायला जाताना ती जास्तच ताठ ठेवावी लागते.

देवानंद पांढरा कुर्ता घालून, पानं घेऊन, माझ्याकडेच यायला निघाले होते. फाटकात गाठ पडली.

"देवानंदराव, सोनं घ्या. पैज हरलो. माझ्या पेटीतून बाहेरचा आत आला होता."

त्यांचा चेहरा माझ्या झेंडूसारखा पिवळा पडला. "कोन म्हनते?"

"मी म्हणतो."

"शक्यच नाही!" देवानंद ओरडले. "तुमची पेटी मजबूत हाय! बाहेरून एकच नंबर दिसते! न मांगता आलं त ते वापस करते!"

"ती कारकून आहे, देवानंदराव. पत्ते बदलते."

"नाही! पहारेकरी हाय!"

"कारकून!"

"पहारेकरी!"

लोकांच्या माना इकडून तिकडे फिरत होत्या. कॉलनीचे सचिव वही उघडून उभे होते, त्यांनी हळूच विचारलं, "मंग मी शेवटी काय लिहू?"

"लिहा," मी म्हणालो, आणि आवाज चढवला, सगळ्यांना ऐकू जावा म्हणून. "पेटी नंबर पाहते, नियत पाहत नाही. आतल्याच यंत्राने दार उघड म्हटलं तर ती उघडते. म्हणून कॅमेरे लावायचे तर प्रत्येकाला त्याचं स्वतःचं कुलूप. दुकानातून आलेली किल्ली पहिल्याच दिवशी बदलायची. कोणाच्या खिडकीकडे तोंड नाही. आणि चिद्दरवार पद्धत आजपासून बंद. चूक माझी होती. खाली सही करायला मी तयार आहे."

कोणी हसलं नाही. मला वाटतं, ते हसतील म्हणून मी तयार होऊन गेलो होतो, त्यामुळे जरा निराशच झालो.

देवानंद मात्र हट्टालाच पेटले. "पन पुरावा काय? म्हनजे, तो आवाज आनखी कोनं ऐकला?"

सचिवांचं पेन वहीवर थांबलं.

"आवाज?" चारुशीला मागून म्हणाली. "भाऊजी, आवाजाचं त यायनं नावच नाही काढलं. तुमाले कसं ठाऊक?"

देवानंदांचा हात चष्म्याकडे गेला. चाळीस माणसं त्या हाताकडे पाहत होती. देवानंद माझ्याकडे पाहत होते. आयुष्यात इतका एकाकी माणूस मी पाहिला नाही, आणि खरं सांगतो, दोन क्षण मी ते मजेत पाहिलं.

"एक्स्चेंजचा माणूस आहे," मी लोकांना म्हणालो. "कान तिखट असतात त्यांचे. भिंतीपलीकडचं ऐकू येतं."

आणि मी वाकलो. पैज म्हणजे पैज. पाच महिन्यांनी लहान माणसापुढे, गुडघा कटकन वाजला तरी, पुरता वाकलो. देवानंदांनी मला खांद्याला धरून उठवलं. सोनं घेतलं. मग स्वतःच्या हातातली पानं माझ्या हातात दिली. जवळ ओढून मिठी मारल्यासारखं करत ते माझ्या कानाशी म्हणाले, "चिद्दरवार, उद्यापासून मांगून नेत जाईन."

"मागा ना, खुशाल मागा," मी त्यांच्या कानात म्हणालो. "मी देणार नाही."